चुकलेला एक दिवस

माझ्या प्रयोगशाळेत नमुन्याचा नंबर तीन ठिकाणी लिहितात: नळीच्या अंगावर, फॉर्मवर आणि वहीत. झाकणावर कधीच नाही. झाकणं निघतात, टेबलावर एकमेकांशेजारी पडतात आणि घाईत कुठलंही झाकण कुठल्याही नळीवर जाऊन बसतं. नव्या तंत्रज्ञाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. दुसऱ्या दिवशी तो झाकणावर नंबर घालताना सापडतोच, आणि मग पुढचे आठ दिवस मी त्याला सुखानं चहा पिऊ देत नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक नळी इकडची तिकडे झालेली नाही. हे मी येता-जाता ऐकवत असते, म्हणून क्षयरोग विभागात मला पाठीमागे भिंगबाई म्हणतात. मला ते नाव आवडतं, पण तसं दाखवलं तर म्हणायचं सोडून देतील.

एवढं सांगायचं कारण, ही गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि ती चूक नळीची नव्हती.

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. बाहेर उघड्या व्हरांड्यात दोन बाक, कारण खोकणाऱ्या माणसांना मोकळ्या हवेत बसवायचं असतं. भिंतीत एक खिडकी, तिला हातभर रुंद फळी. त्या फळीवर रुग्ण थुंकीची डबी ठेवतात आणि मी आतून उचलते. समुपदेशकाची जागा दोन वर्षं रिकामी होती, त्यामुळे गोळ्यांबद्दलचे प्रश्न विचारायची छापील फॉर्मांची वहीही माझ्याच गळ्यात पडली होती. जन्मभर नळ्यांशी बोललेल्या बाईला माणसांशी बोलायला बसवलं होतं.

त्या सकाळी फळीपलीकडे एक बारीकशी बाई उभी होती. वय सत्तावीस, शाळेची दप्तरं शिवायच्या कारखान्यात मशीनवर काम, नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, दोन वर्षांची एक मुलगी. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले होते. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिच्या थुंकीत जंतू दिसले, तिसऱ्यालाही दिसले. वजन वाढायचं सोडून दोन किलोनं उतरलं होतं. मी तिचा नमुना पुन्हा झटपट तपासणीच्या यंत्रात घातला. हे यंत्र दोन तासांत सांगतं, की मुख्य औषध जंतूंवर लागू पडतंय की जंतू त्याला दाद देत नाहीयेत. त्यानं पहिल्या वेळी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं: लागू पडतंय.

औषध लागू पडतंय आणि जंतू तरी जिवंत आहेत, म्हणजे औषध पोटात जात नाहीये. आमच्याकडे हे गणित कित्येक वर्षं असंच सोडवलं जायचं आणि उत्तर दरवेळी रुग्णाच्या नावावर निघायचं.

"किती दिवस चुकवलेस?" मी विचारलं.

"एकही नाही, मॅडम."

"खरं सांग. मी काही तुला खाणार नाहीये."

"खरंच नाही. आई रोज समोर बसून देतात." आई म्हणजे तिची सासू.

"मग हे जंतू मरत का नाहीत? माझ्यावर रुसलेत?"

ती कोपरात तोंड घालून बराच वेळ खोकली. मागे रांग चुळबुळत होती आणि मी फळीवर पेन आपटत होते. ही माझी वाईट खोड आहे. खोकला थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "थुंकी स्वच्छ होईपर्यंत लेकीला जवळ घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. तीन महिने ती आत्याकडे आहे. मी कशाला चुकवीन, मॅडम?"

"तेच तर मी विचारतेय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पेनाकडे पाहिलं.

"किती दिवस लिहिले म्हणजे चालेल?"

इथे कुणीही शहाणी बाई थांबली असती. मी म्हटलं, "आठ-दहा तरी असतील."

"दहा लिहा."

मी लिहिलं: 'रुग्णाने दहा दिवस गोळ्या न घेतल्याचे मान्य केले.' खाली तिची सही घेतली. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. रकाना भरला होता.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडते तो समोर एक पत्र्याचा डबा, डब्यामागे दोन कोपरं आणि कोपरांमागे एक लालबुंद चेहरा.

"माझी सून खोटं बोलली," त्या बाई म्हणाल्या. "ते खोडा."

साठीच्या असतील. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की व्हरांड्याच्या टोकाला पेंगणारा पहारेकरी उठून उभा राहिला. डबा उघडून त्यांनी माझ्यापुढे गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या ओतल्या. एकेका दिवसाची पट्टी कात्रीनं कापलेली, प्रत्येकीवर बॉलपेननं तारीख. ब्याण्णव पट्ट्या होत्या.

"यातले दहा दिवस कुठले ते दाखवा मला. सकाळी आठला गोळ्या. साडेसात नाही, सव्वाआठ नाही. तीस वर्षं शाळेची घंटा दिली मी, बाई. माझ्या घंटेवर गावातले लोक घड्याळं लावायचे. गिळली की तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. पोलिसांत असते तर बढती मिळाली असती!"

"आजी," मी म्हटलं, "रिकामी पट्टी म्हणजे पोटात गेलेली गोळी नव्हे."

"आजी कुणाला म्हणता? मला आजी म्हणणारी एकच आहे, आणि ती सध्या आत्याकडे बसून माझी वाट बघतेय. तुम्ही तर माझ्याच वयाच्या दिसता."

मी चौपन्न वर्षांची आहे. रांगेत कुणीतरी हसलं. मी खिडकीची काच खाली ओढली.

त्या रोज येत राहिल्या. बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकवायच्या. तिसऱ्या दिवशी तर रुग्णच मला विचारायला लागले, की घंटाबाईंचं काय झालं. माझ्या नाकावरचा राग तसा कधी उतरत नाही, आता तो डोक्यात जाऊन बसला.

आमचे डॉक्टर तरुण आहेत, भले आहेत आणि कायम दमलेले असतात. त्यांनी सुनेचा नवा एक्स-रे उजेडाला धरला. उजव्या फुप्फुसातलं भोक पहिल्यापेक्षा मोठं झालं होतं. "वॉर्डात भरती करू," ते म्हणाले. "नर्सच्या नजरेखाली हीच औषधं पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करू. आणखी तीन महिने असेच गेले तर मग फुप्फुसात वाचवण्यासारखं फारसं उरणार नाही." वॉर्डात पंधरा दिवसांनी खाट रिकामी होणार होती. त्यांनी तिचं नाव यादीत घातलं.

त्याच वर्षी राष्ट्रीय कार्यक्रमानं एक नवी तपासणी सुरू केली होती. जंतूच्या ठराविक जनुकांमधली अक्षरं एकेक करून वाचायची आणि कुठलं औषध चालेल, कुठलं चालणार नाही, ते त्या वाचनावरून ठरवायचं. याचं पुस्तकी नाव लांबलचक आहे. आम्ही सिक्वेन्सिंग म्हणतो. यंत्रं फक्त मध्यवर्ती प्रयोगशाळेत. आम्ही दर गुरुवारी बर्फाच्या पेटीतून नमुने पाठवायचे. नियम असा, की झटपट यंत्रानं 'दाद देत नाही' म्हटलेले सगळे नमुने पाठवा, आणि पडताळणीसाठी 'लागू पडतंय' म्हटलेले महिन्याला पाच. ते पाचही नव्या रुग्णांचे हवेत, उपचार सुरू होण्याआधी घेतलेले. सुनेसारख्यांना त्या पेटीत जागाच नव्हती. त्यांचं उत्तर आमच्याजवळ आधीच तयार होतं ना!

त्या गुरुवारी माझ्या पाचांपैकी एक डबी गळकी निघाली. चार उरले, आणि शीतकपाटात सुनेचा नमुना होता, दाट आणि भरपूर. बाहेरून घंटाबाईंचा आवाज येत होता. त्या पहारेकऱ्याला जीभ वर कशी करायला लावतात ते करून दाखवत होत्या.

मी ठरवलं, हाच पाचवा. दया आली म्हणून नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रयोगशाळेकडून 'औषध लागू पडतंय' असं छापील अक्षरांत आणायचं, तो कागद खिडकीच्या काचेवर आतून चिकटवायचा आणि या बाईंचं तोंड एकदाचं बंद करायचं, एवढाच माझा उद्देश होता. नियम मोडतेय हे मला कळत होतं. मी नमुना दोन नळ्यांत विभागला, दोन्हींवर नंबर घातला, अंगावर, झाकणावर नाही. एक पेटीत ठेवली, दुसरी गोठणकपाटात. निकाल हातात आल्यावरही अर्धा नमुना जपून ठेवायचा, ही माझी जुनी रीत. जागा अडते म्हणून सगळे मला त्यावरून बोलतात.

अकराव्या दिवशी फोन आला. मध्यवर्ती प्रयोगशाळेतली मुलगी, आवाज अगदी मऊ.

"मॅडम, तुमच्या पाच पडताळणी नमुन्यांपैकी शेवटच्यात गडबड आहे. तुम्ही 'लागू पडतंय' लिहिलंय. आमच्या वाचनात मुख्य औषधाला दाद नाही, आणि जोडीच्या आणखी एकाला नाही. बहुतेक तुमच्याकडे नळ्या बदलल्या गेल्यात."

"काय गेल्यात?"

"बदलल्या, मॅडम. होतं असं."

"होतं असं तुमच्याकडे. माझ्याकडे नाही होत. लेबल वाचा. अंगावर नंबर आहे, फॉर्मवर आहे, वहीत आहे."

"लेबल आहे हो, पण लेबल लावलेली नळी म्हणजे बरोबर नळी, असं नसतं ना."

मी काय-काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं आयुष्य अशाच फोनांत जात असणार. माझा दम संपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, यात कुणाला दोष द्यायचा नाहीये. तुम्ही नुसतं मान्य करा. मी फॉर्मवर 'नमुना बदलला गेला' असं लिहिते आणि प्रकरण इथेच मिटवते."

म्हणजे तिचाही एक रकाना भरायचा राहिला होता.

मी खुर्चीत बसले. सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेली गोष्ट, आणि समोरचा माणूस ती ऐकूनसुद्धा घ्यायला तयार नाही, कारण त्याचं गणित आधीच सुटलेलं आहे. माझ्याजवळ पुरावा काय? वही. आणि वही काय, मीच लिहिलेली. घंटाबाईंच्या पट्ट्यांना जेवढी किंमत मी दिली होती, तेवढीच आता माझ्या वहीला होती. मी त्या सुनेपेक्षा दुपटीनं मोठी, पगारी, कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई. तरी एक क्षण माझ्या मनात आलं, की म्हणावं 'लिहा बदलला' आणि सुटावं. तिला काय वाटलं असेल! पाठीमागे रांग, छातीत खोकला, लेक आत्याकडे, आणि समोर पेन आपटणारी मी. मला माझीच लाज वाटली. खूप वाटली.

"ऐक," मी त्या मुलीला म्हटलं. "नळी बदललेली नाही. अर्धा नमुना माझ्याकडे गोठवून ठेवलाय, आणि उद्या सकाळी मी त्याच बाईचा ताजा नमुना माझ्या डोळ्यांसमोर घेणार आहे. दोन्ही घेऊन मी स्वतः येते. माझ्यासमोर वाच."

"मॅडम, तशी पद्धत नाहीये."

"मला माहितीये. मी येतेय."

मग मी बाहेर व्हरांड्यात गेले. घंटाबाई बाकावर होत्याच. माझ्याकडे पाहून त्यांनी डबा छातीशी धरला.

"उद्या सकाळी सुनेला घेऊन या," मी म्हटलं. "ताजा नमुना हवाय."

"कशाला? आता आणखी काय कबूल करून घ्यायचंय?"

"काही नाही. कदाचित मीच चुकले असेन. नक्की कळू दे, मग सांगते."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. उठल्या आणि तडक घराकडे निघाल्या.

मध्यवर्ती प्रयोगशाळा बसनं चार तासांवर. पेटी मी मांडीवरच ठेवली. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, आत मासे आहेत का. मी हो म्हटलं, नाहीतर ती उठून गेली असती.

ती मऊ आवाजाची मुलगी प्रत्यक्षात माझ्या खांद्याइतकी निघाली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. वाचणारं यंत्र बघून माझी निराशाच झाली. घरातल्या शिवणयंत्राएवढंही नव्हतं. नमुने तयार करणं, वाचणं, तपासणं याला तीन दिवस लागतात. मी तीन दिवस रजा टाकली, एका मैत्रिणीच्या घरी मुक्काम ठोकला आणि रोज सकाळी त्या मुलीच्या टेबलाशेजारी हजर झाले. पहिल्या दिवशी ती मला घाबरली. दुसऱ्या दिवशी तिनं मला तिच्या नळ्या दाखवल्या. तिच्या एका सहकाऱ्यानं झाकणावर नंबर घातले होते. मी काही बोलले नाही, फक्त पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते नंबर नळीच्या अंगावर होते.

तिसऱ्याच दिवशी दुपारी तिनं मला पडद्यापुढे बसवलं. अक्षरांच्या तीन ओळी, एकीखाली एक. गुरुवारच्या पेटीतला नमुना, माझा गोठवलेला अर्धा आणि ताजा. तिनं एका जागेवर बोट ठेवलं. साध्या, औषधानं मरणाऱ्या जंतूच्या ओळीत तिथे एक अक्षर असतं. या तिन्ही ओळींत तिथे दुसरंच होतं. तिन्हींत तेच.

"तुमचं झटपट यंत्र या जनुकाचा एवढाच तुकडा बघतं," तिनं दोन बोटांत पडद्याचा एक छोटा भाग धरला. "बहुतेक बदल त्यातच होतात, म्हणून ते पुरतं. हा बदल त्या तुकड्याच्या जरासा बाहेर झालाय."

"म्हणजे माझं यंत्र चुकलं नाही?"

"नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढं त्यानं खरं सांगितलं."

एका अक्षराचा फरक. त्यापायी एक बाई शंभरावर दिवस अशा गोळ्या इमानानं गिळत होती ज्या तिच्या काही उपयोगाच्या नव्हत्या, आणि आम्ही तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून त्याच गोळ्या द्यायला निघालो होतो. पंधरा दिवसांनी रिकाम्या होणाऱ्या खाटेला आता एकच दिवस उरला होता.

"मॅडम," ती मुलगी म्हणाली, "तुमच्या नळ्या बदलल्या नव्हत्या. माझी चूक झाली."

"हे मला लिहून दे," मी म्हटलं. आणि तिचा चेहरा पडलेला बघून लगेच म्हटलं, "तुझ्यासाठी नाही गं. मला असं कसं लिहायचं ते शिकायचंय."

अहवाल त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या फोनवर पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा त्यांनी वॉर्डाच्या यादीतून सुनेचं नाव काढलं होतं आणि नव्या औषधांचा कागद तयार होता. सहा महिन्यांच्या गोळ्या, वेगळ्या, या जंतूला पुऱ्या पडतील अशा. इंजेक्शन नाही. डॉक्टर नियमाबद्दल काही बोलतील म्हणून मी तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "ती गळकी डबी जपून ठेवा. कुणी विचारलं तर दाखवता येईल."

मी वही काढली. लाल शाईनं त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'वरील नोंद चुकीची आहे. रुग्णाने एकही दिवस गोळ्या चुकवल्या नव्हत्या. नोंद मी घाईने व दबाव आणून केली.' सही, तारीख. मग वही घेऊन व्हरांड्यात गेले. सासू-सुना बाकावर बसल्या होत्या. उभ्यानंच मी ती ओळ मोठ्यानं वाचली, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

सून खाली बघत होती. मग सासूकडे वळून म्हणाली, "आई, मी तेव्हा उगाच दहा म्हटलं. मला वाटलं, असं म्हटलं की या सोडतील."

"मला सांगायचं होतंस ना. मी भांडले असते."

"तुम्ही भांडतच होता, आई. रोज."

"ते नुसतं बोलणं होतं," घंटाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी डबा पुढे केला. "आता हे ठेवा तुमच्याकडे. घरात जागा अडते."

तो डबा अजून माझ्या टेबलावर आहे.

पुढचे दोन आठवडे मी जुन्या वह्या चाळत होते. 'मान्य केले' अशी माझ्या अक्षरातली वाक्यं मोजली. दोन वर्षांत एकोणीस. त्यातल्या नऊ जणांचा अर्धा नमुना गोठणकपाटात सापडला. त्या जागा अडवणाऱ्या नळ्या मी मध्यवर्ती प्रयोगशाळेत पाठवल्या. त्यांतल्या तिघांच्या ओळीत तेच अक्षर, त्याच जागी. दोघांना शोधून नवी औषधं सुरू केली. तिसरा एक गवंडी होता. तो आदल्या वर्षीच गेला होता. त्याच्या ओळीवरही मी लाल रेघ मारली. त्याच्या बायकोकडे जाऊन सांगून आले. तिनं मला पाणी आणून दिलं. निघताना म्हणाली, "ते शेवटपर्यंत म्हणत होते, मी घेतो गं गोळ्या." त्या घरून परत येतानाचा रस्ता मला आठवत नाही.

चार महिन्यांनी कार्यक्रमाचं परिपत्रक आलं. दुसऱ्या महिन्यानंतरही ज्या रुग्णाच्या थुंकीत जंतू दिसतील, त्याचा नमुना सिक्वेन्सिंगसाठी पाठवावा, झटपट तपासणीचा निकाल काहीही असो. आणि निकाल येईपर्यंत रुग्णाने औषध चुकवले असे गृहीत धरू नये. परिपत्रकं मी नेहमी चहाचा कप ठेवायला वापरते. हे मी दोनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले.

नव्या औषधांच्या दुसऱ्या महिन्यातच सुनेची थुंकी स्वच्छ झाली. मी ती काचपट्टी भिंगाखाली अर्धा तास सरकवत होते, एक तरी जंतू सापडेल या भीतीनं. एकही नव्हता. जंतू वाढवून बघतात त्या संवर्धनाच्या बाटलीतही पुढे काही उगवलं नाही. लेक आत्याकडून घरी आली. पहिला दिवसभर ती आईजवळ गेलीच नाही, आजीच्या मागे लपून बघत होती, असं घंटाबाईंनी मला तीन वेळा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, गोळ्यांच्या वेळी, तिनं आईसमोर बसून आपलंही तोंड उघडलं आणि जीभ वर केली. हे मात्र त्यांनी मला पाच वेळा सांगितलं.

चौथ्या महिन्याची तपासणी होती तेव्हाची गोष्ट. समुपदेशकाची जागा एव्हाना भरली होती, पण या एका रुग्णाचा फॉर्म मी माझ्याकडेच ठेवला होता. खिडकीपलीकडे सून उभी होती. गाल भरलेले, अंगावर कारखान्याचा गणवेश. कामावर परत जायला लागून आठवडा झाला होता. मागे घंटाबाई, त्यांच्या कडेवर नात. नात फळीवरचं माझं पेन ओढत होती आणि मी ते ओढू देत होते.

"गोळ्या चुकवल्या का?" मी वाचलं. फॉर्मवर छापलेलं असतं, विचारावंच लागतं. मी 'नाही' लिहायला सुरुवातही केली होती.

"हो," सून म्हणाली. "एक दिवस."

माझं पेन थांबलं. घंटाबाईंचं तोंड उघडं राहिलं, जीभ मात्र खालीच होती.

"परवा हिला ताप होता," तिनं लेकीकडे मान वळवली. "आई हिला दवाखान्यात घेऊन गेल्या. गोळ्या ओट्यावर काढून ठेवल्या होत्या, नंतर घेते म्हटलं आणि राहूनच गेल्या. काल सकाळी दिसल्या. मग कालच्या तेवढ्या घेतल्या, दुप्पट नाही घेतल्या."

"बरोबर केलंस."

"माझ्या पहाऱ्यात?" घंटाबाईंचा आवाज व्हरांडाभर घुमला. "लिहू नका हो ते! एवढे चार महिने… एका दिवसासाठी कशाला लिहायचं? मी आता घरात शिरले की बघते हिच्याकडे!"

"लिहिणार," मी म्हटलं. "ती सांगेल तेच लिहिणार."

घंटाबाई पुटपुटत बाकावर जाऊन बसल्या. सूनबाईला हसू आवरत नव्हतं. खिडकीशी उभं राहून हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मी 'ना' खोडून रकाना भरला. ती फळीवर थोडी वाकली.

"किती लिहिलंत?"

मी वही फिरवून तिच्यापुढे केली. तिनं बोट ठेवून वाचलं.

"एक," ती म्हणाली. "बरोबर."